शेवटच्या सायकलच्या मागे

सायकलवाल्यांच्या ताफ्यामागे गाडी आणि माणसं कशाला लागतात, असं मला बरेच जण विचारतात. स्वतःच्या दमावर जायचं म्हणून निघालात ना, मग मागे गाडी ठेवली की दम कसला? प्रश्न सरळ आहे. पण त्याच्यावर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ भांडणं झाली आहेत, नियम झाले आहेत, दंडही झाले आहेत. सध्या पोस्टिंग पंजाबात आहे, थंडीत संध्याकाळी वाचायला वेळ मिळतो. तेव्हा म्हटलं, या वेळी याच्यावरच लिहू.

आधी एक सांगतो. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस. राशन, पेट्रोल, सामान हे पाहिजे तिथे आणि पाहिजे त्या वेळी पोचवणं हे आमचं काम. आमचं ब्रीदच 'सेवा अस्माकं धर्म:' असं आहे. लढणाऱ्याचं नाव होतं, पोचवणाऱ्याचं फारसं होत नाही, याची आम्हाला सवय असते. त्यामुळे कुठल्याही मोहिमेची गोष्ट वाचताना माझं लक्ष आधी भलतीकडे जातं. यांना जेवायला कोणी घातलं? पाणी कुठून आलं? आणि जो मागे राहिला, त्याचं काय झालं? या लेखातला इतिहास त्या तीन प्रश्नांतून बघितलेला आहे.

मदत म्हणजे गुन्हा

सप्टेंबर १८९१ मध्ये पॅरिसच्या 'ल पती जुर्नाल' या वर्तमानपत्राने पॅरिसहून ब्रेस्ट बंदरापर्यंत आणि परत अशी सुमारे १,२०० किलोमीटरची सायकल शर्यत ठेवली. दोनशेच्या वर स्वार निघाले. त्यातले निम्म्याच्या आसपास परत पोचले. शार्ल तेराँ नावाचा गडी ७१ तास २२ मिनिटांत पहिला आला. पुढे राहून वारा अडवणारी आणि वेग धरून देणारी दहापर्यंत माणसं प्रत्येकाला ठेवता येत होती. म्हणजे मदत होती, पण ती ज्याला परवडेल त्याला. ज्याच्या मागे सायकलची किंवा टायरची कंपनी उभी, त्याच्या दिमतीला माणसं. बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं.

पुढे १९०३ मध्ये तूर द फ्रान्स सुरू झाली. तिचे चालक आँरी देग्रांज हे कडक शिस्तीचे. स्वाराने स्वतःच्या बळावर यावं, सायकल मोडली तर स्वतः दुरुस्त करावी, दुसऱ्याचा हात लागता कामा नये, असा त्यांचा खाक्या. १९१३ मध्ये पिरेनीज डोंगरात तूरमालेचा घाट उतरताना यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. बदली सायकल घेता येईना, कोणाची मदत घेता येईना. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून जास्त चालत सेंत-मारी-द-कांपाँ या गावी लोहाराच्या भट्टीवर पोचला. लोहाराने फक्त तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. क्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवलं, ठोकलं, फोर्क जोडला. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. पण एक हात हातोड्यावर आणि एक हात सांडशीवर असताना भाता कोण ओढणार? एका लहान पोराने ओढला. तेवढ्या मदतीबद्दल क्रिस्तोफला वेळेचा दंड झाला.

ही गोष्ट सांगताना लोक क्रिस्तोफची जिद्द सांगतात, आणि ती आहेच. मला मात्र भाता ओढणारं ते पोर आठवत राहतं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याला काही मिळणार नव्हतं. समोर एक माणूस अडलाय आणि आपले हात रिकामे आहेत, एवढंच त्याला दिसलं. सायकलवाल्यांच्या मदतीच्या इतिहासातला तो जुना स्वयंसेवक, आणि नियमाच्या वहीत तो गुन्ह्याचा भागीदार!

त्याच शर्यतीत याच्या उलटी एक गोष्टही जन्माला आली होती. १९१० मध्ये तूर पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच घाटांत गेली, तेव्हा दमून थांबलेल्यांना गोळा करत येणारी एक गाडी सगळ्यांच्या मागे सोडण्यात आली. फ्रेंच लोक तिला झाडूगाडी म्हणतात. रस्ता झाडत येते म्हणून. पुढे तर तिच्यावर खरोखरीचा खराटा बांधायची पद्धत पडली. नावात थोडी थट्टा आहे, या गाडीत बसणं म्हणजे हरणं असाच अर्थ होता. पण विचार करा, एवढ्या कडक माणसाने घातलेल्या शर्यतीतही डोंगर आल्याबरोबर मागे गाडी लावावी लागली. जिद्द कितीही असो, घाटात माणूस सोडून येता येत नाही हे डोंगराने शिकवलं.

पंचविसाव्या पलटणीची सायकल तुकडी

आता आमच्या खात्यातली गोष्ट. १८९७ मध्ये अमेरिकन सैन्याला प्रश्न पडला होता की घोड्याऐवजी सायकल चालेल का. घोड्याला दाणा लागतो, पाणी लागतं, सायकलला काही लागत नाही, असा हिशोब. लेफ्टनंट जेम्स मॉस या तरुण अधिकाऱ्याने पंचविसाव्या इन्फन्ट्रीचे वीस जवान घेतले. ही कृष्णवर्णीय जवानांची पलटण होती, अधिकारी गोरे. १४ जून १८९७ रोजी मोंटाना राज्यातल्या फोर्ट मिझुलाहून ते निघाले आणि २४ जुलैला सेंट लुईसला पोचले. १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वर, ४१ दिवसांत. रस्ते म्हणजे गाडीवाटा. चिखल असा की चाक फिरेना. डोंगरमाथ्यावर बर्फ आणि नेब्रास्कात भाजून काढणारी वाळू. वाळूत सायकल चालेना म्हणून रेल्वेच्या रुळांमधून, लाकडी स्लीपरांवरून धक्के खात पुढे सरकायचं.

आमच्या खात्याचा माणूस ही कथा वाचताना कुठे थांबेल? राशनपाशी. प्रत्येक जवानाने सायकलवर दोन दिवसांचं राशन बांधलेलं होतं, आणि पुढचं राशन रेल्वेमार्गाच्या कडेने साधारण शंभर-शंभर मैलांवर आधीच पाठवून ठेवलेलं होतं. कागदावर हिशोब चोख. पन्नास मैल रोज, दोन दिवसांत शंभर मैल, पोहोचलात की पुढचं घ्या. पण चिखलात एक दिवस वाया गेला की तो हिशोब कोलमडतो. तसा तो कोलमडलाही, आणि मधल्या टप्प्यात माणसं उपाशी चालली. पाणी हा त्याहून मोठा शत्रू निघाला. त्या मुलखातलं क्षारयुक्त पाणी पिऊन जवान आजारी पडले, खुद्द मॉसही पडला. त्याला काही काळ मागे राहावं लागलं आणि तुकडी सर्जन केनेडी यांनी पुढे नेली.

तुकडीत जॉन फिंडली नावाचा एक जवान होता. सैन्यात येण्याआधी त्याने शिकागोत सायकलच्या कारखान्यात काम केलेलं, म्हणून मेकॅनिकचं काम त्याच्याकडे. पन्नास मैल सगळ्यांबरोबर चालवायचे आणि मुक्कामाला बाकीचे आडवे झाले की याने हत्यारं काढायची. ही मदत हुकमाची होती, स्वयंसेवा नव्हती, हे खरं. पण त्या मोहिमेचा जो निकाल लागला तो मला आजही पटतो. माणसाचे पाय तीन हजार किलोमीटर जातात. तुटतं ते पाय नाही, पाणी आणि राशन पोचवणारी साखळी तुटते.

सेंट लुईसजवळ आल्यावर शहरातले सायकलवाले त्यांना सामोरे आले आणि वाजतगाजत आत घेऊन गेले. हजारो लोक बघायला जमले. पुढे मॉसने आणखी एका लांब मोहिमेची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. जवान रेल्वेने परत गेले.

मुंबईचे सहा जण

याच्या अगदी विरुद्ध टोकाची एक मोहीम आपल्या मुंबईची आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. मागे गाडी नाही, पुढे राशन नाही, नकाशे बेताचे. इराण, मेसोपोटेमियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असं करत १८ मार्च १९२८ रोजी त्यांतले तिघे परत आले: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा. ४४,००० मैल. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली.

यांच्यामागे गाडी नव्हती, मग कुठल्या तोंडाने आपण गाडी मागतो, असं कोणी म्हणेल. पण सहा निघाले आणि तिघांनी फेरी पूर्ण केली, हेही त्याच गोष्टीत आहे. बाकीचे तिघे वाटेत आपापल्या कारणाने थांबले, त्यात कमीपणा काहीच नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की सहा धडधाकट, व्यायाम केलेले, पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण जे करू शकतात, ते चाळिशी-पन्नाशीतल्या शंभर जणांकडून करून घ्यायचं असेल, तर मधे कोणीतरी उभं राहावं लागतं. सायकल ही धाडशी माणसाची वस्तू होती. ती सगळ्यांची झाली तेव्हा मदत हा गुन्हा राहिला नाही.

१९७३ चा उन्हाळा

हा बदल नेमका कधी झाला ते सांगणं अवघड आहे, पण १९७३ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी पॅरिस–नीस शर्यतीत माविक कंपनीची मदतीची गाडी धावली. कोणत्याही संघाचा स्वार असो, चाक गेलं की ती चाक द्यायची. शर्यतीतही तटस्थ मदत ही मान्य गोष्ट झाली.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यात एक गंमत झाली. 'द मॉइन रजिस्टर' या वर्तमानपत्राचे जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल हे दोन लेखक. दोघांनी ठरवलं की राज्याच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत सायकलने जायचं आणि वाटेतल्या गावांवर लिहायचं. ज्यांना यायचं त्यांनी बरोबर यावं, असं पेपरात छापलं. सू सिटीला तीनेकशे लोक सायकली घेऊन हजर! राहायची सोय नाही, जेवायची नाही, कोणाचं सामान कुठे जाणार ठाऊक नाही. त्यात क्लॅरेन्स पिकर्ड नावाचे ८३ वर्षांचे आजोबा. डोक्यावर शिकारी हॅट, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, खाली जुनी लेडीज सायकल. आजोबांनी सहा दिवसांत राज्य पार केलं. पेपरात रोज त्यांच्याबद्दल छापून यायला लागलं, आणि पुढच्या वर्षी सायकलवाल्यांची संख्या कितीतरी वाढली. तीच आज 'रॅगब्राय' या नावाने ओळखली जाणारी यात्रा. आता ती सात दिवस चालते आणि हजारो लोक तीत असतात. सुरुवातीला मागचं चाक मिझुरी नदीत बुडवायचं आणि शेवटी पुढचं चाक मिसिसिपीत, अशी रीत आहे.

एवढी माणसं छोट्या छोट्या गावांतून जाणार म्हटल्यावर गावंच पुढे आली. चर्चच्या बायका पाय नावाचा त्यांचा गोड पदार्थ करून टेबलं मांडतात, शाळेची मैदानं तंबूंना मिळतात, गावातले लोक घरचं स्नानगृह उघडून देतात. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आषाढीला दिंडीचा ट्रक तंबू आणि भांडी घेऊन पुढच्या मुक्कामी जातो, वाटेवरची गावं पाणी आणि भाकरी घेऊन उभी असतात. चालणारा आणि घालणारा दोघेही वारीतच असतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

रॅगब्रायमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तिथल्या हवाई दलाच्या सायकल संघाची. १९९५ पासून अमेरिकन हवाई दलातले लोक संघ करून या यात्रेला येतात. पुढे पळायचं सोडून रस्त्याच्या कडेला कोणी अडकलेला दिसला की थांबतात. ट्यूब बदलून देतात, चेन जोडतात, खरचटलं असेल तर पट्टी बांधतात. सगळे सायकलवरच असतात, हत्यारं पाठीवर किंवा पिशवीत. दिवसभरात स्वतःचा वेग असा काही राहतच नाही. वर्दीतली माणसं रजा आणि घाम खर्च करून दुसऱ्याचं पंक्चर काढतात. वाचून मला बरं वाटलं. वर्दी कुठली का असेना, ही खोड सारखीच दिसते.

आणि ज्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसने ही कथा सुरू झाली, तीसुद्धा बदलली. आता ती शर्यत राहिली नाही. दर चार वर्षांनी हौशी सायकलवाले ९० तासांच्या आत ती पूर्ण करतात, भारतातूनही शेकडो लोक जातात. स्वाराच्या स्वतःच्या गाडीने मागे-मागे यायचं नाही, मदत द्यायची तर ठरलेल्या नियंत्रण केंद्रावरच, हा नियम अजून आहे. पण त्या केंद्रांवर जेवण वाढणारे, शिक्के मारणारे, झोपलेल्याला सांगितलेल्या वेळी हलवून उठवणारे सगळे स्थानिक स्वयंसेवक. एका खेड्यात एक कुटुंब रात्रभर कॉफी आणि धिरड्यांसारखे क्रेप करून वाढत आलं आहे. बदल्यात पैसे नाहीत. घरी सुखरूप पोचलात की एक पोस्टकार्ड टाका, एवढंच मागणं.

एकच रस्ता, पण सगळ्यांना सारखा नाही

आता आपल्या देशात येऊ. मनाली–लेह हा रस्ता सीमा सडक संघटनेने बांधला आणि सांभाळला. सर्चूपर्यंत त्यांचा 'दीपक' प्रकल्प, तिथून पुढे 'हिमांक'. मुळात हा रस्ता फौजेसाठी. लडाख १९७४ मध्ये पर्यटकांना खुलं झालं, मनालीकडून येणारी वाट १९८० च्या दशकाच्या अखेरीस खुली झाली, आणि मग उन्हाळ्यात सायकलवाले दिसू लागले. लडाखच्या पोस्टिंगमध्ये आम्ही कॉन्व्हॉय घेऊन जाताना ते भेटायचे. झारखंडच्या दुमकाकडून रस्त्याच्या कामाला आलेले मजूर डांबराच्या पिंपाशेजारी त्यांना चहा पाजताना मी कित्येकदा पाहिलंय. त्या मजुरांना कोणी स्वयंसेवक म्हणत नाही, पण या रस्त्यावरचे पहिले ते.

पुढे एका रजेत ओळखीतून पुण्याच्या एका सायकल ग्रुपबरोबर याच रस्त्यावर मदतीला गेलो. चोवीस स्वार, सहा स्वयंसेवक, लाहौलचे दोन ड्रायव्हर, एक स्वयंपाकी. तेव्हा पहिल्यांदा हा रस्ता पाच टनी गाडीतून न बघता सायकलच्या वेगाने बघितला, आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली.

झिंगझिंगबारच्या आसपास रस्त्यावरून नाले वाहतात. बर्फाचं पाणी. रात्री थंडीने बर्फ वितळायचं थांबतं, म्हणून सकाळी पाणी घोट्याइतकं. ऊन चढलं की पाणी चढतं. आमच्यातले पहिले पाच-सहा जण सकाळी नऊच्या आधी हसत, फोटो काढत पार झाले. शेवटचे दोघे पोचले तेव्हा दुपार झालेली, पाणी गुडघ्याला लागत होतं आणि खालचे गोटे हलत होते. मोरे प्लेन्सवरही तसंच. सकाळी मैदान शांत, दुपारनंतर समोरून असा वारा सुटतो की सपाटीवर सायकल घाटासारखी ओढावी लागते. म्हणजे जो आधीच दमलेला आहे, त्यालाच जास्त पाणी, जास्त वारा आणि कमी उजेड मिळतो. पुढच्याचा रस्ता आणि मागच्याचा रस्ता नकाशावर एक, पण प्रत्यक्षात वेगळा.

स्वयंसेवकाचं सगळं काम या एका गोष्टीतून निघतं. पुढची गाडी सकाळी मुक्काम सोडते, पाण्याची जागा मांडते, खजूर, चिक्की, उकडलेले बटाटे, मीठ-साखरेचं पाणी. मधली गाडी ट्यूब, ब्रेक पॅड, तारा, पंप घेऊन फिरते. आणि शेवटची गाडी शेवटच्या सायकलच्या मागे राहते. हे शेवटचं काम ऐकायला सोपं वाटतं. ताशी सहा किलोमीटरने दिवसभर गाडी रांगवणं, पुढच्याला 'गाडी ढकलतेय' असं वाटू न देणं आणि तरी दृष्टीआड न होऊ देणं, हे सोपं नाही. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाई म्हणत. त्या मागच्या गाडीतून मधेच उतरायच्या आणि शेवटच्या माणसाबरोबर थोडं चालायच्या. घरच्या, शेताच्या, पोरांच्या गोष्टी. 'किती राहिलंय' या प्रश्नाला त्या कधी किलोमीटर सांगायच्या नाहीत, पुढचं वळण दाखवायच्या.

स्वयंसेवकांशी ठरलेलं होतं की शेवटच्या दिवशी त्यांच्यातल्या दोघांनी सायकल घ्यायची आणि सगळ्यांबरोबर लेहमध्ये शिरायचं. बाईंचा नंबर लागला होता. त्यांनी त्यासाठी वर्षभर घाट चढायचा सराव केला होता.

सर्चूचा मुक्काम सुमारे ४,३०० मीटरवर आहे. तिथे संध्याकाळी एका स्वाराचं डोकं दुखायला लागलं. वय अठ्ठावन्न, ग्रुपमधले भक्कम गृहस्थ. मग उलटी झाली. आमच्याबरोबरच्या तरुण डॉक्टरने त्यांना जमिनीवरच्या एका रेघेवरून पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं. ते तिसऱ्या पावलाला कलले. अशा वेळी दुसरा उपाय नसतो, माणूस खाली न्यावा लागतो. पण सर्चूची अडचण अशी की तिथून कुठेही जा, आधी वर चढावं लागतं. पुढे पाच हजार मीटरच्या वरची लाचुलुंग खिंड, मागे ४,८०० च्या वरची बारालाचा. निर्णय मागचा झाला. ऑक्सिजन लावून रात्रीच बारालाचा ओलांडायची आणि जिस्पा-केलाँगकडे उतरायचं.

गृहस्थ ऐकेनात. "मी सही करून आलोय, माझी जबाबदारी माझी. सकाळपर्यंत बघू." डॉक्टर समजावतोय, ग्रुपचे लोक हात जोडतायत. माझी जीभ शिवशिवत होती. युनिटमध्ये असं झालं असतं तर एका वाक्यात विषय संपला असता. इथे ना रँक, ना हुकूम. स्वयंसेवकाकडे अधिकार नसतो आणि जबाबदारी मात्र पूर्ण असते, हे मला त्या तंबूत कळलं. हुकमाने चालणारी मदत मी आयुष्यभर केली होती. ही वेगळी होती.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या गृहस्थांची पिशवी भरायला घेतली. मोजे, औषधं, टोपी. मग बूट पायात घालून नाडी बांधत म्हणाल्या, "सायकल मी आपल्या हाताने गाडीवर बांधलीय. मी येतेय तुमच्याबरोबर. चला." ते थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि उठले.

रात्री नाल्यांना पाणी कमी होतं, गाडी सुखरूप उतरली. पहाटे फोनची रेंज आल्यावर कळलं की खाली आल्यावर त्यांचं चालणं सुधारलं. दोन दिवस तिथे दवाखान्यात काढून बाई त्यांना घेऊन मनालीकडे गेल्या. आम्ही तांगलांग खिंडीवरून, रुमत्सेवरून लेहमध्ये पोचलो. बाईंची सायकल मधल्या गाडीवर बांधलेली तशीच होती. लेहमधून मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "लेह काय, आहे तिथेच आहे. तुमच्यातल्या शेवटच्याने नीट जेवलं का ते सांगा."

त्या गृहस्थांनी नंतर आम्हाला कोणाला फोन केल्याचं मला माहीत नाही. आपल्याला गाडीत बसवलं याचा राग माणसाला बरेच दिवस राहतो. त्याचंही चुकत नाही. वर्षभराची तयारी एका रात्रीत गुंडाळावी लागली होती. ज्याला आभारांची अपेक्षा आहे, त्याने शेवटच्या गाडीत बसू नये.

चार गोष्टी

तुमच्यापैकी कोणी असा दौरा काढणार असेल तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. सायकली मोजू नका, नावं मोजा. मुक्कामी वहीत प्रत्येक नावापुढे वेळ लिहिल्याशिवाय कोणी झोपायचं नाही. शेवटच्या गाडीने कुठल्याही कारणाने शेवटच्या सायकलच्या पुढे जायचं नाही. कोणाला थांबवायचं याचा शब्द कोणाचा चालणार, ते निघायच्या आधी सगळ्यांसमोर ठरवा. उंचीवर डोकं दुखायला लागल्यावर तो वाद होत नाही, फक्त हट्ट होतो. आणि स्वयंसेवकाने वेळेवर जेवायचं, पाणी प्यायचं. तो आजारी पडला तर त्याच्या मागे गाडी नसते.

मागे गाडी ठेवली की दम कसला, याचं माझं उत्तर आता सांगतो. १८९१ मध्ये मदत पुढच्याला होती. वारा अडवायला, पहिला आणायला. देग्रांजने ती सगळ्यांचीच काढून घेतली आणि भाता ओढणाऱ्या पोराचा दंड क्रिस्तोफकडून वसूल केला. पुढे शंभर वर्षांत हळूहळू मदत ताफ्याच्या टोकाकडून शेपटाकडे सरकली. तिथे गेल्यावर ती खरी कामाची झाली, कारण सगळ्यात जास्त पाणी आणि सगळ्यात जास्त वारा तिथेच असतो. पहिला कोण आला हे सांगायला लोक असतात, घड्याळं असतात. शेवटचा आला का, हे बघायला कोणीतरी आपणहून उभं राहावं लागतं. सायकल चालवणारा स्वतःच्याच दमावर जातो. गाडी त्याचा दम कमी करत नाही. दम संपला तरी तो माणूस रस्त्यावर एकटा पडणार नाही, एवढीच तिची हमी.

जय हिंद.